बिछायत केंद्राला लावलेले चिनी नियम

सन २०२३. शाळेच्या दाखल्यावर मी बहात्तर वर्षांचा आणि आईच्या सांगण्याप्रमाणे चौऱ्याहत्तरचा होतो. आई खोटं बोलत नसे आणि मास्तर काही माझा जन्म पाहायला आला नव्हता, म्हणून मी चौऱ्याहत्तर धरतो. शाळा चौथीपर्यंत झाली. मास्तर म्हणाला होता, हा पोरगा डोक्याचा नाही, हट्टाचा आहे. पुढे त्याच मास्तरच्या पोरीच्या लग्नात मी मंडप टाकला. वादळ आलं, शेजारच्या गल्लीतले दोन मंडप उडून गेले, माझा हलला नाही. तेव्हा चौथी पुरते, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

लकडगंजात माझं बिछायत केंद्र आहे. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. लग्न, बारसं, तेरवी, वास्तू, काहीही असो, मंडपाचे लाकडी खांब म्हणजे बल्ल्या, चहूबाजूंनी लावायच्या कापडी कनाती, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज म्हणजे मोठी पातेली, हे सगळं भाड्यानं देणारं दुकान म्हणजे बिछायत केंद्र. पुण्यामुंबईकडे त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, आणि कोणी सांगू पण नये.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा हेड कारागीर गादीसमोर येऊन उभा राहिला. हा माणूस तीस वर्षांपासून माझ्याजवळ. आला तेव्हा मिसरूड नव्हतं, आता मिशी अर्धी पांढरी. कोणत्याही अंगणात उभा राहून नुसत्या नजरेनं सांगणार, इथं चौदा बल्ल्या लागतील. चौदाच लागायच्या.

"मालक, तुळशीच्या लग्नापर्यंत आहो मी," तो म्हणाला. "मंग जातो."

"कुठं जातो?"

"वर्धा रोडवर इव्हेंटवाले हायेत. त्यायनं बोलावलं."

इव्हेंटवाले म्हणजे आमचंच काम करणारे, पण टाय घालून. मी म्हणालो, "जा. माझं काय अडून राहिलं?"

तो गेला आणि मी उरलेली माणसं बोटांवर मोजायला बसलो. कारण अडणार होतं. सगळंच अडणार होतं. तो गेला तर दुकानात उरणार कोण, तर मी, जो आता शिडीवर चढू शकत नाही. माझा मुलगा, जो टेम्पो चालवतो आणि बोलत नाही. आणि चार गडी, ज्यांना बल्ली कोणत्या टोकानं गाडायची हे रोज सांगावं लागतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नांचा सीझन लागतो. महिना हातात होता.

तो काहून चालला हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते एक कारण सोडून बाकीची सगळी कारणं मी आठ दिवस शोधत बसलो.

खरं कारण असं. त्याच वर्षी मे महिन्यात एकाच दिवशी दोन कामं होती. हिंगणा रोडवर लग्न आणि दिघोरीकडे तेरवी. पहाटे पाचला दोन टेम्पो भरून उभे. एकात गुलाबी कनाती, झालरी, फुलांचं गेट आणि 'शुभविवाह'ची पाटी. दुसऱ्यात सगळं पांढरं. मी ड्रायव्हर लोकांना बोट दाखवून सांगितलं, हा इकडे, तो तिकडे. कारागीर म्हणाला, "मालक, टेम्पो उलटे होऊन राहिले." मी म्हणालो, "तू काय मले टेम्पो शिकवून राहिला का?" टेम्पो गेले.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. लग्नघरी नवरीचा बाप पांढऱ्या मंडपाकडे पाहून खाली बसला आणि नवरदेवाचा मामा चप्पल हातात घेऊन मला शोधत फिरला. तेरवीच्या घरी गुलाबी गेट उभं राहिलं, लायटिंगची माळ लुकलुकायला लागली. वारलेल्या माणसाची म्हातारी बाहेर आली, तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या घंटाभर. यायले सजावटीची लय हौस होती." तिच्यामुळे एक घर तरी निभावलं. पण दोन्ही घरच्या माणसांसमोर मी कारागिराकडे बोट दाखवलं. म्हणालो, यानं घोळ केला. त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही घरी हात जोडून माफी मागितली. त्या दिवसापासून कामापुरतंच बोलायला लागला.

आता सुनेचं सांगतो. माझी सून हिंगण्याच्या एका कारखान्यात ऑफिसात बसते, माणसांचं खातं पाहते. त्या कारखान्याच्या मालकाला वाटलं की आपलं गिऱ्हाईक चीनवाले पळवतात, तर त्यांचे डावपेच शिकावेत. म्हणून ऑफिसातल्या लोकांना शिकवणी लावली. विषय, चीनमधल्या उद्योजकांनी मोठमोठ्या कंपन्या कोणत्या तत्त्वांवर उभ्या केल्या. सून त्या शिकवणीचं हे एवढं जाड फोल्डर घेऊन घरी आली.

"बाबा, कारागीरकाका चालले ना?" ती म्हणाली. "मग यातले नियम आपल्या दुकानाला लावून पाहू. दुकान मोठं झालं तर माणूस कशाला सोडून जाईल?"

"आपल्याले चीनचं काय करायचं?"

"तुमच्या मंडपातली फुलं कुठली? लायटिंगच्या माळा कुठल्या?"

हे मात्र खरं होतं. नागपूरच्या प्रत्येक लग्नात चिनी पाहुणा हजर असतो, फक्त आहेर देत नाही.

"यातले कितीतरी जण गरिबीतून आले, बाबा. कोणी एका खोलीत धंदा सुरू केला. काही जण फार शिकलेले पण नव्हते."

मी लोडाला टेकून नीट बसलो. "कितवी?"

"ते नाही दिलं."

"चौथी असंन," मी म्हणालो. "वाच."

पहिला नियम मला फार आवडला. मोठ्या शहरात मोठे लोक आधीच पाय रोवून बसलेले असतात, त्यांच्याशी पहिल्याच दिवशी भिडायचं नाही. जिकडे त्यांचं लक्ष नाही ती लहान गावं आधी घ्यायची, तिथं बळकट व्हायचं आणि मग चहूबाजूंनी शहराला वेढायचं. मी म्हणालो, हे तर मी करणारच होतो. दुसऱ्याच दिवशी मुलाला टेम्पो काढायला लावला आणि बुटीबोरीच्या पलीकडच्या एका गावात गेलो. पारावर एक बुढा बसला होता, माझ्याच वयाचा, पण दाखल्याच्या वयाचा.

"तुमच्या गावात बिछायत पोचवायले आलो," मी म्हणालो.

"कोन्ती बिछायत?"

"गाद्या, कनाती, मंडप. शहरातला माल."

त्यानं मला हाताला धरून आपल्या गोठ्यामागे नेलं. तिथं खुर्च्यांची अशी थप्पी होती की वरची खुर्ची पाहायला टोपी काढावी लागली. "हे माह्या पोराचं. अशे अजून दोन हायेत गावात," तो म्हणाला. "तुमचं दुकान कुठं?"

"लकडगंज."

"अरे बापा! परवाच आमी लकडगंजात मंडप टाकून आलो गा. मोठं लगन होतं. माल कमी पडला तं सांगजा, आमी देऊन राहिलो भाड्यानं."

परत येताना मुलगा महिन्याभरात पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "बाबा, वेढा पडला वाटते." मी त्याला समोर पाहून टेम्पो चालवायला सांगितलं.

दुसरा नियम असा की एकच काम दोन चमूंना द्यायचं. दोघांनी आपापल्या डोक्यानं करायचं, शर्यत लागते, जो जिंकतो त्याची पद्धत कंपनी ठेवते. हेही मला पटलं, कारण कारागिराला मी हरवलं तर तो गेल्याचं दुःख कमी होईल, असा माझा विचार होता. एका डॉक्टरच्या घरी बारसं होतं. मी म्हणालो, एका टोकापासून मी दोन गडी घेऊन मंडप टाकतो, दुसऱ्या टोकापासून तू दोन घे. मध्ये भेटू.

कारागीर म्हणाला, "मालक, मंडप एक हाय ना पन?"

"नियम हाय," मी म्हणालो.

दोन घंट्यांनी आम्ही मध्ये भेटलो. त्याचा मंडप माझ्यापेक्षा हातभर उंच होता. माझ्याकडून येणाऱ्या माणसाला पंख्याखालून वाकून जावं लागायचं आणि पुढे गेल्यावर एकदम आभाळ उघडायचं. डॉक्टर बाहेर आला. उंच माणूस. माझ्या अर्ध्यात त्याचं कपाळ झालरीला लागलं.

"हे असं काहून?" त्यानं विचारलं.

"दोन मजली फॅशन हाय साहेब," मी म्हणालो. "बारशाले मानसानं नमस्कार करत आत यावं, मंग सरळ व्हावं. लेकरू मोठं होते ना, तसं."

डॉक्टरनं कपाळ चोळलं. मग फोन आला म्हणून आत गेला. मी मागे वळलो तर कारागीर माझ्या बल्ल्या उचलून घेत होता. पाव्हणे यायला अर्धा घंटा होता. त्यानं पंचवीस मिनिटांत दोन्ही अर्धे एक केले. मिशीच्या खाली काहीतरी हललं खरं, पण ते हसू होतं की दम लागला होता, हे मला कळलं नाही.

सून म्हणाली, "शर्यत ते जिंकले. आता त्यांची पद्धत ठेवायची."

मी म्हणालो, "पुढचं पान."

पुढच्या पानावर लिहिलं होतं की गिऱ्हाईक पहिला, कामगार दुसरा आणि मालक तिसरा. हा नियम मी जेवणापुरता लावला. तीन दिवस गड्यांना आधी वाढायला लावलं. तिसऱ्या दिवशी माझ्या वाट्याला नुसता रस्सा आला आणि मी नियम बंद केला. मालक तिसरा असतो, पण उपाशी नसतो, असं मी सुनेला समजावलं.

मग आला फिरत्या गादीचा नियम. तिकडे म्हणे एका मोठ्या कंपनीत वरची खुर्ची एकाच माणसाची नसते. काही महिने हा, काही महिने तो. एकाच डोक्यावर कंपनी राहिली तर त्या डोक्याच्या चुका पण कंपनीला चिकटतात. मी म्हणालो, ठीक आहे, चिठ्ठ्या टाका. मला वाटलं माझंच नाव येईल, कारण माझं नशीब नेहमी माझ्या बाजूनं राहिलं आहे.

नाव निघालं बुढीचं. आमच्या सौभाग्यवतीचं.

ती दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून आली, माझ्या गादीवर बसली आणि लोड काढून बाजूला ठेवला. म्हणाली, "यानं झोप येते. म्हनून दुकान झोपून हाय." पहिला हुकूम, गोदामात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन थुंकायचं नाही. गडी लोकांची तोंडं उतरली, पण दुपारपर्यंत भिंती धुतल्या गेल्या. दुसरा हुकूम, मालकानं, म्हणजे मी, तीनशे चमचे घासायचे. तिसरा हुकूम, दुकानाच्या हद्दीत मी 'मी आधीच सांगितलं होतं' हे वाक्य म्हणायचं नाही. यावर गड्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांची तोंडं लक्षात ठेवली.

चमचे घासता घासता मी तिला म्हणालो, "काहून वं, मजा येऊन राहिली का?"

"येऊन राहिली," ती म्हणाली. "चाळीस वर्सांत पहिल्यांदा दुकान दिसून राहिलं मले. एक इचारू? तो मानूस चालला, तुमी चीन फिरून आले, अन् त्याले एक गोष्ट नाही बोलून राहिले."

"कोन्ती?"

"तुमाले मालूम हाय."

मी चमचा जास्त जोरात घासला.

फोल्डरातलं पाचवं पान मी दोनदा वगळलं होतं. सून वाचायला लागली की मला खोकला यायचा. पण गादी आता बुढीची होती. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी चारला तिनं सगळ्यांना गोदामात सतरंजीवर बसवलं आणि सुनेला म्हणाली, "वाच वं ते पान."

सुनेनं वाचलं. तिकडच्या काही कंपन्यांत अशी सभा घेतात की वरपासून खालपर्यंत प्रत्येकानं आपली चूक सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सांगायची. सगळ्यात आधी सगळ्यात वरच्यानं. कारण वरचा आपली चूक लपवतो तेव्हा खालचे सगळे लपवतात, आणि मग कंपनी आतून पोकळ होते.

बुढी म्हणाली, "मी वरची. माझी चूक सांगतो. यायच्या चहात मी चार सालापासून साखर टाकून नाही राहिली. डॉक्टरनं सांगितलं होतं. यायले वाटते, टाकतो."

चार वर्षं मी गोड म्हणून पीत होतो. पण माझाच नंबर होता, म्हणून भांडण मागे ठेवलं आणि उभा राहिलो.

"माझी चूक म्हनशान तं," मी म्हणालो, "मी लय लवकर उठतो. लोकायवर लय विश्वास ठेवतो. आन् माझा हात लय सढळ हाय."

"दोष सांगून राहिले का जाहिरात करून राहिले?" बुढी म्हणाली.

गडी हसले. मी खाली बसलो. मग दुसरा टेम्पो चालवणारा गडी उठला. म्हणाला, एका साखरपुड्यात त्यानं जिलबीचा एक डबा टेम्पोच्या सीटखाली ठेवला होता. आणखी एक गडी म्हणाला की तो गाद्यांच्या थप्पीत दुपारी झोपतो आणि एकदा त्याच्यासकट गाद्या टेम्पोत चढवल्या होत्या, तो लग्नघरी जाऊन उठला. माझा मुलगा उठला, त्यानं तोंड उघडलं, बंद केलं आणि बसला. सून म्हणाली, हीच यांची चूक. हसून हसून सभेची जत्रा झाली.

शेवटी कारागीर उठला. खिशातून रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं. म्हणाला, "माझी चूक एकच. त्या दिवशी पहाटे मी एक डाव सांगितलं. दुसऱ्या डाव बी सांगाले पाहिजे होतं."

हसू थांबलं. सगळे सतरंजीकडे पाहायला लागले. तीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस चुकला असं म्हणत होता, आणि ती चूक माझी होती. सगळ्यांना माहीत होतं. मला बोलायचं होतं. शब्द गळ्यापर्यंत आले होते, देवाशपथ आले होते. पण तोंड उघडल्यावर वेगळंच बाहेर पडलं.

"म्हंजे तुले म्हनायचं काय हाय?" मी म्हणालो.

"काही नाही, मालक." त्यानं कमरेची गोदामाची चावी काढली आणि बुढीपुढे ठेवली. तिच्या पाया पडला. मग माझ्या पडला. मी आशीर्वाद काय दिला ते मला आठवत नाही, बहुतेक दिलाच नाही. "उद्या नवाले तिकडं हजर व्हायचं हाय," तो म्हणाला आणि गेला.

सून फोल्डर बंद करून बसली होती. बुढीनं मला पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतकी वाईट कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी ऑटोनं पारडीला त्याच्या घरी गेलो. तो अंगणात नळाजवळ उभा राहून दात घासत होता. तोंड फेसानं भरलेलं. त्याची बायको झाडू मारत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला.

"या ना बाबाजी. काहून इतक्या सकाळी?"

कारागिरानं बोलायला तोंड वर केलं.

"थांब!" मी ओरडलो. "थुंकू नको. तू थुंकशीन तं बोलशीन, आन् तू बोलला तं माझं राहून जाईन."

तो ब्रश तोंडात धरून तसाच उभा राहिला. फेस हनुवटीवरून खाली यायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं, पण जमेना, म्हणून त्याच्या बायकोकडे तोंड केलं.

"बाई," मी म्हणालो, "ते टेम्पो मी उलटे धाडले. तुह्या नवऱ्यानं पहाटेच सांगितलं होतं. मी आयकलं नाही, आन् वरून चार लोकायत याच्या अंगावर ढकललं. याची चूक नव्हती. माझी होती."

"मले तं त्याच दिवशी सांगितलं यायनं," ती म्हणाली आणि झाडू मारायला लागली.

कारागिरानं हात करून विचारलं, आता थुंकू का? मी म्हणालो, थुंक. त्यानं चूळ भरली. एक, दोन, तीन. इतक्या सावकाश की शेजारचा माणूस आंघोळ करून गेला. मग टॉवेलनं मिशी पुसत म्हणाला, "आवाज लय बारीक होता, मालक."

"मंग?"

"आयकू आला पन."

"तुले तिकडं जायचं तं जा," मी म्हणालो. "थांबवाले नाही आलो मी. सांगाले आलो."

"चहा घ्या आधी."

त्याच्या बायकोनं चहा दिला. साखर होती. घोट घेतल्याबरोबर कळलं. मी दोन कप प्यालो.

मग त्यानं शर्ट घातला, मोटारसायकल बाहेर काढली आणि मला मागे बसवलं. हेल्मेट एकच होतं, ते माझ्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा गळ्याखाली आवळला. कुठं चाललो हे मी विचारलं नाही. मोठ्या चौकात त्यानं वर्धा रोडची दिशा सोडून गाडी लकडगंजाकडे वळवली. त्या वेळेला तिकडून फार गर्दी असते, मागच्या बाजूनं जवळचा रस्ता आहे. मला माहीत होता. मी काही बोललो नाही.